दीड खडा

त्या राज्यात जमिनीवर लिहिलं जाई आणि आकाशातून वाचलं जाई.

राज्य पाखरांचं होतं. मध्ये एक मोठं तळं आणि तळ्याच्या पूर्वेला एक उघडा उतार. त्या उतारावर आडव्या-उभ्या ओळींत खळगे कोरलेले होते, सगळे एकाच मापाचे, टिटवीचं पाऊल नेमकं बसेल एवढे. प्रत्येक खळग्यात एक खडा ठेवायचा. काळे, पांढरे आणि तांबडे खडे मांडून पाखरं तिथं खुणा काढत. धान्य कोणत्या माळावर पिकलं आहे, ससाणा कोणत्या झाडावर बसतो, फासे कुठं लावले आहेत, हे सगळं त्या उतारावर असे. दूरदेशीचे थवे आपल्या उंचीवरून ते वाचत आणि त्याप्रमाणे उतरत किंवा पुढं निघून जात.

तळ्याची खूण धोंडाई नावाच्या टिटवीकडे होती. तिच्याआधी ती तिच्या आईकडे होती. खूण तेरा खळगे रुंद आणि एकवीस ओळी लांब. काळे खडे म्हणजे पाणी, पांढरे म्हणजे टणक काठ. दक्षिणेच्या काठाला मात्र वरून कोरडी दिसणारी आणि आत कमरेपर्यंत ओढून नेणारी दलदल होती. तिथं पाणी आणि काठ यांच्यामध्ये एकेका तांबड्या खड्याची रेघ असे. रेघेच्या बाजूला उतरायचं नाही, एवढाच तिचा अर्थ.

ही खूण आईनं धोंडाईला दाखवून शिकवली नव्हती, ओळी म्हणत शिकवली होती. पहाटे दवानं खळगे ओले असताना आई पुढं चाले, पिल्लू मागं, आणि आई म्हणे:

“दोन पांढरे, सात काळे, एक तांबडा, तीन पांढरे.
एक पांढरा, आठ काळे, एक तांबडा, तीन पांढरे.”

अशा एकवीस ओळी. धोंडाईला त्या तोंडपाठ झाल्या तेव्हा तिला धड उडताही येत नव्हतं. पुढं आई गेली, आणि खडे ठेवताना धोंडाईच्या गळ्यातून आईचाच आवाज निघू लागला. पावसानं खडे विस्कटले की ती ओळी म्हणत ते पुन्हा मांडी. वारा सुटला की हललेले खडे सरळ करी. आपली खूण वरून कशी दिसते हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. टिटव्या फार उंच जात नाहीत, आणि तिला त्याची गरजही वाटली नव्हती. गणती चुकली नाही म्हणजे खूण चुकली नाही, असं आई सांगे.

तिच्या खुणेला कोणी हात लावलेला तिला खपत नसे. एकदा एका चिमणीनं गंमत म्हणून एक पांढरा खडा उचलला होता. धोंडाईनं तिला अख्खं तळं ओलांडेपर्यंत पिटाळलं होतं.

दरवर्षी थंडीच्या तोंडी करकोचांचा थवा येई. त्यात रावजी नावाचा एक करकोचा होता. तो आपल्या पहिल्या प्रवासात इथं उतरला तेव्हा धोंडाईच्या डोक्यावर अजून लव होती. तेव्हापासून दर वर्षी तो आणि त्याची जोडीदारीण अंबू तिला भेटल्याशिवाय पुढं गेले नाहीत. रावजी तिला वाटेतले डोंगर सांगे, अंबू वाटेतली भांडणं सांगे, आणि धोंडाई त्या वर्षीचा पाऊस सांगे. दोन दिवसांचा मुक्काम असे. पण उरलेलं वर्ष धोंडाई त्या दोन दिवसांवरून मोजी.

मग राज्यात नवा उतार आला.

राज्याचा कारभार एका घारीकडे होता. थवे वाढत चालले होते, खुणा वाढत चालल्या होत्या, आणि जुना उतार अपुरा पडू लागला होता. म्हणून घारीनं तळ्याच्या पश्चिमेला नवा उतार कोरून घेतला. त्याचे खळगे अगदी बारीक होते. जुन्या एका खळग्याच्या जागेत नवे चार बसत. तिथं वळण गोल दिसे, पीस पिसासारखं दिसे. पाखरं बघायला गेली आणि हरखून परत आली.

पण पहिल्याच सकाळी घोटाळा झाला. जुन्या मांडणाऱ्यांनी आपापल्या सवयीनं खळगे मोजून खुणा मांडल्या. गणती बरोबर होती, तरी प्रत्येक खूण लांबीला निम्मी आणि रुंदीलाही निम्मी भरली. वरून दोन थवे आले, घिरट्या घातल्या, आणि काही वाचता येईना म्हणून निघून गेले.

घारीनं दोन गोष्टी केल्या. उताराच्या तोंडाशी तिनं एक काठी रोवली आणि त्या दिवशी खूण किती पट मोठी मांडायची ते काठीवर खाचा पाडून ठेवू लागली. तरुण पाखरं आधी काठी बघत आणि त्या मानानं मांडत. त्यांच्यात एक चंडोल होता. तो तर थोडं मांडून सरळ आभाळात चढे, गात गात खाली बघे, आणि उतरून पुढचं मांडी. त्याची धान्याची खूण कोणत्याही पटीत देखणी दिसे.

जे काठी बघणारच नव्हते त्यांच्यासाठी दुसरी सोय होती. धोंडाईची पाळी यायच्या आत घार स्वतः तिच्याकडे गेली.

“धोंडाई, तू कुठं नव्या जागी जातेस? तुझी खूण जुन्या उतारावरच राहू दे.”

“थवे बघतील ना इथं?”

“बघतील. ते माझ्यावर सोड.”

धोंडाईला बरं वाटलं. तिच्या भोवतीचा जुना उतार ओस पडला, खळग्यांत गवत उगवलं, शेजारपाजार गेला. पण आपल्या तेरा बाय एकवीसच्या तुकड्यातलं गवत ती रोज उपटी आणि ओळी म्हणत खडे नीट करी. ती चरायला गेली की दहा-बारा चिमण्या येत, तिची मांडणी खडा न् खडा बघून घेत आणि पलीकडे जाऊन नव्या उतारावर तिची नक्कल करत. काठीवर दुप्पट असे, तेव्हा तिच्या एका खड्याचे तिथं चार खडे होत. कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसत, पण खूण वाचता येई. थवे उतरत राहिले. घारीनं चिमण्यांना ताकीद दिली होती की ही गोष्ट धोंडाईच्या कानावर जाता कामा नये. म्हातारीचा जीव त्या खड्यांत आहे हे घारीला ठाऊक होतं, आणि यात तिला स्वतःचा चांगुलपणाच दिसत होता.

अशी तीन वर्षं गेली. मग नवा उतारही भरत आला आणि घारीनं काठीवरची खाच बदलली. दुप्पट नको, दीडपट पुरे.

ज्यांना मांडता येत होतं त्यांनी आपापल्या खुणा आवरत्या घेतल्या. चिमण्या मात्र अडल्या. धोंडाईच्या दोन खड्यांच्या जागी आता तीन ठेवायचे होते. पहिला पहिल्याचा, तिसरा दुसऱ्याचा, मधला कोणाचा? काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये काय ठेवायचं? खूप विचार करून त्यांनी ओढ्यातून मधल्या रंगांचे खडे वेचून आणले. काळ्या-पांढऱ्यामध्ये करडा, तांबड्या-काळ्यामध्ये मातकट, तांबड्या-पांढऱ्यामध्ये फिकट गुलाबी. काम त्यांनी मन लावून केलं होतं. जवळून त्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं.

त्या वर्षी करकोचे आले ते ढगाळ दुपारी. धोंडाईनं त्यांचा आवाज ऐकला आणि ती उताराच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. थवा एकदा फिरला, दोनदा फिरला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मग थवा दुभंगला. अर्धे उत्तरेला उतरले आणि अर्धे दक्षिणेला.

दक्षिणेचे बहुतेक जण पंख आपटत, चिखल उडवत कसेबसे निघाले. अंबू निघाली नाही. तिचा एक पाय गुडघ्यापर्यंत रुतला होता आणि वर उठण्याच्या झटक्यात तो मोडला. चौघांनी मिळून तिला ओढून उत्तरेच्या काठावर आणलं.

तिसऱ्या दिवशी थवा पुढं गेला. अंबूला उडायला धाव घेता येत नव्हती, आणि करकोचा आपली जोडीदारीण टाकून जात नाही. रावजी मागं राहिला.

धोंडाई रोज त्यांच्याकडे जाऊ लागली. अंबू वेतांच्या आडोशाला बसलेली असे. रावजी तिच्यासाठी माळावरचं धान्य आणी, धोंडाई ओल्या मातीतले किडे आणी. इतकी वर्षं दोन दिवसांत उरकावी लागणारी बोलणी आता हवी तेवढी करता आली असती, पण तिघांपैकी कोणी फारसं बोलत नसे. एक प्रश्न धोंडाईच्या चोचीशी रोज येई आणि परत जाई. थंडी सरत आली तेव्हा कुठं तिनं तो विचारला.

“रावजी, रेघ दिसली नाही का तुम्हाला?”

रावजी पाण्याकडे बघत राहिला. “ढग होते गं त्या दिवशी.”

“ढग काय पहिल्यांदा आले? माझ्या आईच्या काळात तुम्ही धुक्यातून उतरलायत.”

अंबूच म्हणाली, “सांगून टाका. तिला कळायला नको का?”

“धोंडाई,” रावजी म्हणाला, “खूण तुझीच होती. आकार तोच. पण डोळ्यांत पाणी आल्यावर दिसतं ना, तशी. रेघ मधेच जाड, मधेच बारीक, मधेच नुसती धुळीसारखी. कोणी म्हणालं रेघ आहे, कोणी म्हणालं चिमण्या धुळीत लोळल्यात. मी पुढं होतो. मी म्हणालो, धोंडाईची रेघ अशी नसते, म्हणजे ही रेघच नाही. आणि मीच दक्षिणेला वळलो.”

“माझा एकही खडा हललेला नाही,” धोंडाई म्हणाली.

“तुझा नाही. पण आम्ही तुझे खडे वाचतच नाही आता. आमची वाट नव्या उतारावरून जाते. जुन्या उतारावर गवत दिसतं नुसतं. चार वर्षं झाली.”

धोंडाई तिथून उठली ती तडक नव्या उतारावर गेली. तिथं ती कधी आली नव्हती. एवढ्या बारीक खळग्यांतून कसं चालायचं हे तिला उमजेना. वाटेत चंडोल भेटला. त्यानं काही न विचारता तिला तळ्याच्या खुणेपाशी नेऊन सोडलं. तिनं मान खाली करून पाहिलं. आईची पहिली ओळ तिला ओळखता आली. पण तांबड्या खड्याच्या अंगाला एक मातकट खडा होता आणि खालच्या ओळीत एक गुलाबी. तिनं तो गुलाबी खडा उचलला, बराच वेळ चोचीत धरला आणि पुन्हा जागच्या जागी ठेवला.

घार वडाच्या शेंड्यावर बसली होती. धोंडाईला येताना पाहून ती खालच्या फांदीवर आली.

“कोणी सांगितलं?” तिनं विचारलं.

“ज्यांचं मोडलं त्यांनी.”

“धोंडाई, तुला वाईट वाटू नये म्हणून मी—”

“मला कुठं वाईट वाटलं, बाईसाहेब? मी चार वर्षं आनंदात होते. पाय अंबूचा मोडला.”

घारीनं नखं फांदीत रुतवली. ती म्हणाली, “मला वरून दिसत होतं. खूण मळकट झालीय हे मी पहिल्या दिवशीच पाहिलं. म्हटलं, वाचता येतंय ना, चालेल. काय करू मी आता?”

“चिमण्यांना थांबवा. त्यांच्यावर राग नाही माझा. पण माझी खूण मी मांडेन.”

चिमण्यांनी जुन्या-नव्या दोन्ही उतारांवरचे तळ्याच्या खुणेचे सगळे खडे उचलले आणि जागा मोकळी करून दिली. धोंडाईनं नव्या उतारावर बारीक खडे घेतले आणि ओळी म्हणायला सुरुवात केली. दोन पांढरे, सात काळे, एक तांबडा, तीन पांढरे. खडे इतके लहान होते की चोचीतून निसटत. एकवीस ओळी पुऱ्या व्हायला दोन दिवस लागले. मधल्या रंगाचा एकही खडा नव्हता. रेघ स्वच्छ तांबडी होती. तिनं रावजीला बोलावलं.

रावजी वर गेला, फिरला आणि खाली आला.

“नितळ आहे,” तो म्हणाला. “आईच्या वेळची आठवण झाली.”

“पण?”

“पण आमच्या उंचीवरून एखाद्या बीएवढी दिसते. थांबून, निरखून पाहिलं तर कळेल. थवा एवढा थांबत नाही.”

धोंडाईनं मान वर करून आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाली, “मला वर न्याल?”

टिटवीचे पंख उंचीसाठी नसतात. रावजी पुढं राहिला आणि त्याच्या पंखांमागच्या हवेत ती चढत गेली. दोनदा तिला दम लागला. दोन्ही वेळा तिनं खाली बघायचं टाळलं. शेवटी रावजी म्हणाला, “हीच आमची वाट. आता बघ.”

तिनं पाहिलं. आधी तिला नवा उतार दिसला, त्यावरच्या खुणा, चंडोलाची डौलदार कणसं, आणि त्यांच्या शेजारी आपला बीएवढा तुकडा. मग तिची नजर उतारापलीकडे गेली.

तिथं तळं होतं. ज्या काठानं ती जन्मभर चालली होती तो काठ एका दमात पुरा दिसत होता. एका टोकाला फुगलेला, पुढं निमुळता होत गेलेला, शेवटी किंचित डावीकडे मुरडलेला. तिनं पुन्हा त्या बीकडे पाहिलं. एका टोकाला फुगलेली, पुढं निमुळती, शेवटी डावीकडे मुरडलेली.

“रावजी,” ती म्हणाली, “हे तळंच आहे की.”

“मग? तुला काय वाटलं होतं?”

तिला काय वाटलं होतं हे तिला सांगता येईना. दोन पांढरे, सात काळे, एवढंच वाटलं होतं. सातव्या ओळीनंतर काळे कमी का होतात, अठराव्या ओळीत तांबडा एकदम दोन घरं का सरकतो, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. म्हणजे आई कधीतरी एवढ्या उंचीवर आली होती. एकटीच आली असणार. तिनं पाहिलं, खाली उतरून त्याची गणती केली, गणतीच्या ओळी केल्या, आणि मुलीला हा दम लागू नये म्हणून वरच्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. धोंडाईला आई फार जवळ आल्यासारखी वाटली. आपण तिला पुरतं ओळखत नव्हतो असंही वाटलं.

“चौदाव्या ओळीत,” तिनं विचारलं, “काळ्यांच्या मध्ये एक पांढरा आहे. पाण्यात तर तिथं काहीच दिसत नाही.”

“ते होय. आम्ही त्याला बेट म्हणतो. बेट कधीच नव्हतं तिथं. तुझ्या आईची चूक असेल. पण आमची पिल्लं पहिल्या प्रवासात तेच आधी शोधतात. ते दिसलं की कळतं, आलो.”

खाली आल्यावर तिनं पहिली गोष्ट केली ती काठी बघण्याची. दीडपट. मग मांडलेले सगळे खडे तिनं स्वतःच उचलले. पळस फुलायला लागले होते. दक्षिणेकडून आलेल्या बदकांनी सांगितलं की करकोचे परत निघाले आहेत आणि फार तर सहा दिवसांत इथं येतील.

पहिला दिवस वाया गेला. ती मांडायला बसली की ओळी आपोआप ओठांवर येत आणि चोच सातच काळे ठेवी. चंडोल जवळच काम करत होता. तो म्हणाला, “मावशी, रागवू नका, पण गणती जरा बाजूला ठेवा. डोळे मिटा. तळं दिसतंय?”

“दिसतंय.”

“मग त्याच्याकडे बघून ठेवा.”

दुसऱ्या दिवशी तिनं तोंड गच्च मिटून काम केलं. जन्मात पहिल्यांदा तिचे खडे मुक्यानं पडत होते. ते तिला इतकं परकं वाटलं की मधेच थांबून ती जुन्या उतारावर गेली, रिकाम्या खळग्यांतून एकवीस ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणत चालली, आणि परत येऊन कामाला लागली. थोडं मांडायचं, वर जायचं, बघायचं, उतरायचं. चढताना आता रावजी नसे, तो अंबूला धाव घ्यायला शिकवत होता. अंबूचा पाय वाकडा जुळला होता, पण जुळला होता.

काठ जमला. फुगवटा पूर्वी पायऱ्यापायऱ्यांचा होता, तो गोल झाला. रुंदी साडेएकोणीस खळगे येत होती, तिनं ती वीस केली. मग तांबड्या रेघेशी ती अडली. एका खड्याची दीडपट म्हणजे दीड खडा. ती उकिडवी बसून राहिली. चिमण्या लांबून बघत होत्या. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी धीर करून पुढं आली.

“आम्हीही इथंच अडलो होतो, आजी. दीड खडा कुठून आणायचा?”

“नाहीच मिळत तो,” धोंडाई म्हणाली. “एक ठेवला तर नितळ दिसेल, पण वरून बारीक पडेल. दोन ठेवले तर रेघ जरा जाड होईल.”

“मग?”

“चुकायचंच तर काठाकडे चुकू या. आणा तांबडे.”

चिमण्या उडाल्या आणि चोचीचोचीनं तांबडे खडे आणू लागल्या. धोंडाईनं त्यांना थांबवलं नाही. त्यांनी आणलेला खडा ती घेई, उजेडात फिरवून बघे, आणि ठेवी. रेघ सबंध दोन खड्यांची झाली. दुसरा खडा प्रत्येक ओळीत जमिनीच्या बाजूला होता, म्हणजे दलदल होती त्याहून थोडी मोठीच दिसत होती. शेवटी तिनं एक पांढरा खडा निवडला आणि जिथं काही नव्हतं तिथं, पाण्याच्या मधोमध, ठेवला. तो एकच ठेवला.

सहाव्या दिवशी सकाळी आवाज आला. आभाळ स्वच्छ होतं. रावजी आणि अंबू उत्तरेच्या काठावर माना उंच करून उभे होते. धोंडाई खुणेच्या खालच्या अंगाला होती. वर बघायचा धीर तिला झाला नाही. ती जमिनीकडेच बघत राहिली.

थवा इतका उंच होता की त्याच्या सावल्या उतारावर आल्या तेव्हा त्या सावल्याही वाटल्या नाहीत. करड्या, कडा नसलेल्या, कोणीतरी फुंकर मारल्यासारख्या. त्या काठीवरून आल्या, चंडोलाच्या कणसांवरून आल्या, तळ्याच्या खुणेवर आल्या. थवा फिरला नाही. सावल्या तांबडी रेघ मागं टाकून सरळ उत्तरेला वळल्या आणि पाण्यावरून जाऊ लागल्या. जसजशा जाऊ लागल्या तसतशा काळ्या होत गेल्या. आधी माना वेगळ्या झाल्या, मग पंख, मग पंखांच्या टोकाची पिसं एकेक सुटी दिसू लागली. टणक काठावर प्रत्येक करकोचानं पाय खाली सोडले, आणि खालून प्रत्येकाची सावली, आता अगदी त्याच्याएवढी आणि धारदार, आपले पाय वर करून त्याला येऊन मिळाली.